नवरदेवाचं व्हर्जन

झटपटने फळ्यावरचा जुन्या व्हर्जनचा आकडा शर्टाच्या बाहीनेच पुसून टाकला आणि नव्या व्हर्जनच्या आकड्याभोवती दोनदा गोल काढला. डस्टर त्याच्या हातापासून वीतभरच लांब होता. पण डस्टर उचलण्याइतका दम त्याला कुठला? उगाच का त्याला सगळे झटपट म्हणत.

"झालं. ठरलं," तो म्हणाला.

"तुझ्यापुरतं ठरलं," ताई म्हणाली. "खाली बस आधी."

तो बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. एवढीच काय ती तडजोड.

प्रश्न तसा साधा होता. नदीवर बोटी चालवणाऱ्या कंपनीला नवी वेबसाइट हवी होती. वेळापत्रक, तिकिटं, आणि बोट उशिरा येणार असेल तर धक्क्यावर ताटकळणाऱ्या माणसाला तसं कळवण्याची सोय. कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत या ऑफिसातली मंडळी साइट लिहीत, तिचं नवं व्हर्जन नुकतंच बाहेर पडलं होतं. ते भरभर चालायचं आणि लिहायलाही सुटसुटीत होतं. पण त्याच्यासोबत लागणारे, जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले बारीकसारीक तुकडे अजून त्याला सरावले नव्हते. आज सगळं गोडीगुलाबीने चालायचं, उद्या त्यातला एखादा तुकडा रुसून बसायचा. जुनं व्हर्जन मुरलेलं होतं. त्यात नवं काही येणार नव्हतं, पण आणखी तीनेक वर्षं त्याची डागडुजी होत राहणार होती, आणि तोवर ते कुणाच्या अध्यात ना मध्यात पडून राहिलं असतं.

यात आणखी एक मेख होती. या ऑफिसात पूर्वीपासून नियम होता की जो साइट बांधेल, तिच्या दुखण्याखुपण्याचा फोनही त्यालाच येईल. मग तो जेवत असो, झोपलेला असो, नाहीतर सासुरवाडीला गेलेला असो. नियम नवरदेवांनी घातलेला होता.

नवरदेव म्हणजे ताईच्या आधी तिच्या खुर्चीवर बसणारे गृहस्थ. गेल्या वर्षी निवृत्त झाले. भाषेचं नवं व्हर्जन आलं रे आलं की त्याच्यावर पहिला हक्क यांचा. बाकीचे अजून त्याबद्दल वाचत असायचे, तोवर हे गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. म्हणून ते नवरदेव. नव्या व्हर्जनवरचं काम आलं की ते स्वतःकडे ओढायचे, आणि जुन्यावरचं म्हातारं काम ताईच्या टेबलावर सरकवायचे. संग्रहालय ताईला. बियाण्यांचं दुकान ताईला. शाळेच्या बसगाड्याही ताईलाच.

"माझ्या ताटात कायम शिळंच का, सर?" तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं.

"नवं तुला झेपायचं नाही, बाई," नवरदेव स्क्रीनवरून नजरही न काढता म्हणाले होते.

ते वाक्य ताईने वर्षानुवर्षं जपून ठेवलं. खुर्ची तिच्याकडे आली त्या दिवशी सगळ्यांना बोलावून तिने सांगितलं होतं, या ऑफिसात यापुढे कुणाला शिळं वाढलं जाणार नाही. झटपट तेव्हा नवाच होता. त्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या, आणि आज त्या टाळ्यांची तो आठवण करून देत होता.

"ताई, तुम्हीच म्हणाला होता. द्या ना मला बोटींचं काम. आठवडाभर मी नव्या व्हर्जनवर हात बसवतोय."

"आणि फोन? बोटींची गर्दी संध्याकाळी असते. फोन वाजणार तोही संध्याकाळीच."

"वाजू दे की. संध्याकाळी मी मोकळाच असतो. घरी काय काम?"

असं म्हणत त्याने बॅग खांद्यावर टाकली आणि बॅगेत काहीतरी खडखडलं. तो पत्र्याचा डबा होता. त्यात लाकडी ठोकळे होते. ऑफिसात सगळ्यांना तो डबा माहीत होता. झटपटची मुलगी जन्मापासून ऐकू न येणारी. या वर्षी शस्त्रक्रिया करून तिच्या कानात यंत्र बसवलं होतं. आता यंत्रातून येणारा आवाज म्हणजे काय, हे तिला शिकवायचं होतं. बापाने तोंडासमोर कागद धरून आवाज काढायचा. तो ऐकू आला की मुलीने एक ठोकळा डब्यात टाकायचा. डबा रोज धुऊन-पुसून जायचा यायचा, कारण सकाळी तो मुलीला शाळेत सोडताना तिथल्या बाईही तोच वापरत. एकदा जेवताना त्याने हे सगळं सांगितलं होतं तेही चेष्टेवारी नेऊन. "दरोडेखोरासारखा बसतो मी तोंड झाकून," तो म्हणाला होता, आणि मग सगळ्यांच्या आधी स्वतःच हसला होता.

"सोमवारी सांगते," ताई म्हणाली.

खरं म्हणजे तिचं ठरलं होतं. काम झटपटला द्यायचं, नव्या व्हर्जनवर. फक्त त्याआधी तिला नवरदेवांकडे जाऊन यायचं होतं. सल्ला विचारायला, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मनातून तिला त्यांना हेही ऐकवायचं होतं की बघा सर, आमच्याकडे नवं नव्यांना मिळतं.

रविवारी सकाळी ती संत्री घेऊन त्यांच्या घरी गेली. इतकी वर्षं शेजारी बसून काम केलं, पण घरी ती पहिल्यांदाच जात होती. त्यांनी कधी बोलावलं नव्हतं, आणि हिला कधी जावंसं वाटलं नव्हतं. दारावरची बेल दाबली तर वाजली नाही. आतून आवाज आला, "दोनदा दाबा, आणि दुसऱ्यांदा जरा जोरात!"

वहिनींनी दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि ताई चपला काढायचंही विसरली.

खिडकीशी एक रेडिओ होता. त्याच्या बटणाच्या फटीत आगकाडी खोचलेली होती. बटणांवरच्या आकड्यांचा मागमूसही न उरलेला टेलिफोन, पाय बांधून सरळ केलेलं टेबल, आणि कोपऱ्यात पाठीला हे एवढं पोक असलेला कॉम्प्युटर. खोलीत एकही वस्तू अशी नव्हती की जिच्यावर निदान दोनदा इलाज झालेला नाही. या सगळ्याच्या मधोमध नवरदेव जमिनीवर बसले होते आणि एका जुन्या चपलेचा तळ गोंद लावून चिकटवत होते. चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला होता.

"ये," ते म्हणाले. "ती खुर्ची नको, ती डगमगते. पलीकडची घे."

ताई बसली. तिला काहीतरी चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं, आपण भलत्याच माणसाच्या घरी आलो की काय असं.

"नवीन टीव्ही वगैरे नाही घेतलात सर?"

"मुलाने पाठवलाय," वहिनीच म्हणाल्या. "खोक्यातच आहे. ह्यांना रिमोटवरचं एक बटण इकडचं तिकडे झालेलं खपत नाही. परवा बिस्किटाच्या पुड्याचा कागद बदलला, तर दुकानदाराशी वाद घालून आले."

"कागद बदलला की आतलं बिस्किटही बदलतं," नवरदेव म्हणाले.

"पण वहिनी, ऑफिसात तर यांना..." ताई अडखळली. मग म्हणाली, "ऑफिसात यांना आम्ही नवरदेव म्हणायचो. नव्याचं एवढं वेड म्हणून."

वहिनी बघतच राहिल्या. मग इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"ह्यांना? नव्याचं वेड? अगं, घरी आल्यावर त्या नव्याचा जो उद्धार व्हायचा, तो कानाने ऐकवत नव्हता. घास तोंडाशी नेला की फोन. डोळा लागला की फोन. एकदा तर अंगाला साबण तसाच, आणि हे टॉवेल गुंडाळून कॉम्प्युटरपुढे. मी म्हणायचे, अहो, ही नसती ब्याद घेता कशाला? घाला की दुसऱ्या कुणाच्या गळ्यात. तर म्हणायचे—"

"चहा उतू जाईल," नवरदेव म्हणाले.

"ठेवलाच नाहीये अजून. तर म्हणायचे, कुणाला तरी नवं घ्यावंच लागतं, नाहीतर दुकान मागे पडतं. आणि दुसरं आहे कोण? ती एक पोरगी आहे, तिला सहाच्या ठोक्याला घरी पोचायला हवं. तिची आई गिळायला शिकतेय."

ताईच्या हातात संत्रं होतं. अर्धं सोललेलं.

"तूच ना ती?" वहिनींनी विचारलं. "फोनवर सारखी कुणाला तरी विचारायचीस म्हणे, गिळलं का, गिळलं का. एवढंच ह्यांनी येऊन सांगितलं होतं मला. पुढे कशा होत्या गं आई?"

"बरी होती," ताई म्हणाली. "नंतर दोन वर्षं होती. बरी होती."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. ताई संत्र्याकडे बघत राहिली.

आईला अर्धांगाचा झटका आला, तो ताई या ऑफिसात लागली त्याच वर्षी. बोलणं गेलं, एक हात गेला, आणि घास गिळण्याची साधी गोष्टही गेली. संध्याकाळी दाटसर सूप करायचं, चमचा अर्धाच भरायचा, आईची हनुवटी खाली टेकवायची आणि म्हणायचं, "हं, आता." मग वाट बघायची. शेजारीण दुपारचं बघायची, पण आई मोकळेपणी गिळायची ती ताईच्याच हातून. घाई केली की ठसका लागायचा. एक वाटी संपायला तास जायचा. त्या तासात फोन वाजून चालणारच नव्हतं, आणि तो कधी वाजला नाही. हळूहळू आई गिळायला लागली, मग शब्द यायला लागले, आणि एका संध्याकाळी सूप संपल्यावर आईने शेजारणीची नक्कल करून दाखवली होती, अर्ध्याच तोंडाने. दोघी हसून हसून रडल्या होत्या. त्या संध्याकाळींइतकं मोलाचं ताईला आयुष्यात दुसरं काही मिळालं नव्हतं. आणि आजवर ती समजत होती की ते तिला नशिबाने मिळालं. नशिबाने, आणि स्वतःच्या हुशारीने. "माझ्या साइट कधी कोसळतात का बघा," असं ती ऑफिसात वर मान करून सांगायची. पलीकडे नवरदेव लाल डोळ्यांनी जांभया देत बसलेले असायचे, आणि हिला वाटायचं, नव्याची हौस फिटतेय.

"तुम्ही म्हणाला होता, मला झेपायचं नाही," ती म्हणाली.

"मग काय म्हणायला हवं होतं?" नवरदेवांनी चपलेवरचा जादा गोंद बोटाने पुसला. "आईजवळ बस, इकडचं मी बघतो, असं म्हणालो असतो तर राहिली असतीस? दुसऱ्या दिवशी राजीनामा आणून आपटला असतास. नाकावर माशी बसू देत होतीस का तू? उपकार घेणाऱ्यातली नव्हतीस, राग धरणाऱ्यातली होतीस. म्हटलं, धर राग."

"इतकी वर्षं?"

"तुला सोडायला सांगितलं नव्हतं मी. तो तुझा चिवटपणा."

ताईला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. कृतज्ञता ही अशी पाठीमागून येऊन गाठते, हे तिला ठाऊक नव्हतं. ऋण फेडायला निघावं, तर ज्या संध्याकाळी मिळाल्या त्या केव्हाच जगून झालेल्या. ती काहीतरी बोलायला लागली. "सर, मी तुमची खरंच—"

"ही धर," नवरदेवांनी चपलच तिच्या हातात दिली. "दोन्ही हातांनी दाब. गोंद धरेपर्यंत सोडायची नाही. माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही."

मग ताई त्या डगमग न करणाऱ्या खुर्चीवर त्यांची चपल मांडीवर घेऊन, दोन्ही तळव्यांमध्ये घट्ट दाबून बसली. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कप तिच्यासमोर ठेवून गेल्या. चहा निवला तरी तिने चपल सोडली नाही.

"कशाला आली होतीस?" थोड्या वेळाने नवरदेवांनी विचारलं.

तिने बोटींचं सांगितलं. नवं व्हर्जन की जुनं?

"नवं," ते लगेच म्हणाले. "बोटी काही उद्या बंद व्हायच्या नाहीत. जुन्यावर बांधलंस तर तीन वर्षांनी पायापासून उपसावं लागेल. पण हा झाला दुसरा प्रश्न. पहिला सोडवलास का?"

"कुठला?"

"संध्याकाळी फोन कोण उचलणार. ते ठरलं की व्हर्जन आपोआप ठरतं."

सोमवारी ताई सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली. तिने फळा डस्टरने नीट पुसला आणि वळणदार अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. बोटी, नवं व्हर्जन, त्यापुढे स्वतःचं नाव. सार्वजनिक वाचनालय, जुनं व्हर्जन, त्यापुढे झटपट.

झटपट आला, त्याने वाचलं, बॅग टेबलावर ठेवली. डबा खडखडला.

"ताई, हे उलटं झालंय."

"नाही. बरोबर आहे."

"वाचनालय? ताई, ते कोपऱ्यात पडलेलं बारीकसं काम मी डोळे मिटून करीन."

"मग मीट डोळे. पण कर."

पलीकडे रंगारी, म्हणजे साइटची पानं रंगवणारी मुलगी, रंग निवडायचे सोडून कान टवकारून बसली होती. झटपटचे कान लाल झाले होते. ताईला वाटलं, सरळ सांगावं. घरी जा वेळेवर, मुलीजवळ बस, इकडचं मी बघते. शब्द अगदी ओठांवर आले. तेवढ्यात झटपटने हनुवटी वर उचलली. "घरचं कारण असेल तर स्पष्ट सांगा," तो म्हणाला. "माझ्या घरचं माझं मी बघतो. त्यासाठी कुणी मला सवलत दिलेली मला चालायची नाही. त्यापेक्षा मी दुसरीकडे नोकरी बघेन."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. नाकावर माशी बसायची काय टाप होती.

"घराचा काय संबंध?" ती म्हणाली, आणि स्क्रीनकडे वळली. तोंड दिसू नये म्हणून. "नवं तुला अजून झेपायचं नाही."



"कळलं," झटपट म्हणाला. "नवं स्वतःला, शिळं आम्हाला." तो जागेवर जाऊन बसला, आणि थोड्या वेळाने पार्टिशनच्या वरून, हिला ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात, रंगारीला म्हणाला, "नवरदेव गेले, आता नवरी आली."

रंगारी फसकन हसली. ताईने खाली वाकून खणात काहीतरी शोधायला सुरुवात केली. खण रिकामा होता. ती बराच वेळ शोधत राहिली.

बोटींची साइट सुरू झाली आणि नव्याचे नऊ दिवसही धड गेले नाहीत. कधी तिकिटं अडायची, कधी वेळापत्रकच गायब व्हायचं, आणि हे सगळं नेमकं ताई जेवायला बसली की. धक्क्यावरचा माणूस फोन करायचा तो थेट ओरडतच. "बाई, इथे लोक मला नदीत ढकलतील!" एका हातात पाव, दुसऱ्या हाताने दुरुस्ती, आणि तोंडाने त्या नव्या व्हर्जनचा असा उद्धार, की वहिनींना ऐकवला असता तर त्यांना घरचीच आठवण झाली असती. सकाळी ती लाल डोळ्यांनी जांभया देत यायची. झटपट तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

एके दिवशी तो दारातूनच ओरडत आत आला.

"काल मी दुसऱ्या खोलीत जाऊन 'स' म्हणालो! सगळ्यांत बारीक आवाज असतो तो, बाई म्हणाल्या होत्या ऐकू यायला वर्ष लागेल. मी दाराआड उभा, तिला दिसतही नव्हतो, आणि तिकडे डब्यात ठोकळा पडल्याचा आवाज! मला वाटलं हातातून सुटला असेल. पुन्हा म्हणालो. पुन्हा टाकला! मग तिला खेळच सुचला, संपूर्ण डबा भरेपर्यंत मला सोडलं नाही तिने. दोन तास!"

रंगारीने जागेवरून उठून त्याच्या पाठीत धपाटाच घातला. ताईही उठली. तिला त्या दाराआडच्या माणसाचं तोंड दिसत होतं, आणि त्या तोंडामागे आपली आई, अर्ध्या ओठांनी नक्कल करणारी. तिने नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा.

आनंदात माणूस दिलदार होतो. झटपट तिच्या टेबलाशी आला आणि घसा खाकरून म्हणाला, "ताई, माझ्या मनात आता काही नाही हं. खरं सांगायचं तर नशीबच चांगलं म्हणायचं. इतक्या दिवसांत वाचनालयाचा संध्याकाळी एकही फोन नाही." मग त्याचा हात सवयीने कॉलरकडे गेला. "अर्थात, साइट बांधलीय तशी पक्की. माझी साइट कधी कोसळते का बघा."

ताईने त्याच्याकडे बघितलं. त्या मान वर करण्याला ती चांगलीच ओळखत होती.

"खरंय," ती म्हणाली. "काम पक्कं आहे तुझं."

तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन थरथरायला लागला. धक्क्यावरचा माणूस.

"उचला, नवरीबाई," झटपट हसत जागेवर जाता जाता म्हणाला. "तुमचं नवं रडतंय."